चिन्हांना ओळख देणारे गणितज्ञ : जॉन मॅकार्थी

कोल्हापूर शहरालगत, उजळाईवाडीचे विमानतळ आणि गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत यांच्या शेजारी करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी हे गाव आहे. विमानतळाच्या विस्तारासाठी या गावातील जमीन संपादित करण्याचा विषय पुढे आला, तेव्हा जमीन कोणाची हा प्रश्न साहजिकच सातबाऱ्यापाशी येऊन थांबला. सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव असते. पण नाव म्हणजे माणूस नव्हे. एकाच गावात एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे दोघे असू शकतात. म्हणून नावासोबत वडिलांचे नाव लागते, गट क्रमांक लागतो, खाते क्रमांक लागतो आणि अर्जावर गाव, तालुका, जिल्हा असा सगळा उल्लेख करावा लागतो. नुसते शिरोली म्हणून भागत नाही. शिरोली पुलाची की शिरोली दुमाला, हे सांगावेच लागते.

नाव आणि ओळख यांतील हे अंतर तलाठी कार्यालयाला जसे रोज जाणवते, तसेच ते संगणकालाही पहिल्या दिवसापासून जाणवत आले आहे. कागदावर एक नाव दोनदा आले तर ती एकच वस्तू समजायची की दोन? आज एका यंत्रावर लिहून ठेवलेले नाव उद्या दुसऱ्या यंत्रावर वाचले, तर त्यातून तीच वस्तू हाती येईल याची खात्री काय? हे प्रश्न ज्यांनी संगणकशास्त्राच्या मुळाशी नेऊन ठेवले, त्या जॉन मॅकार्थी यांचे निधन होऊन दशकाहून अधिक काळ लोटला आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्दप्रयोग रूढ करणारे म्हणून त्यांचे नाव आज घेतले जाते. पण चिन्हाला ओळख कशी मिळते, या प्रश्नाशी त्यांनी आयुष्यभर जी झुंज घेतली, ती मात्र अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारशी पोहोचलेली नाही.

स्थलांतरितांचे घर

मॅकार्थी यांचा जन्म ४ सप्टेंबर १९२७ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे झाला. वडील जॉन पॅट्रिक हे आयर्लंडमधून आलेले, तर आई इडा ग्लॅट या लिथुआनियातून आलेल्या ज्यू कुटुंबातील. दोघेही कामगार चळवळीत वावरणारे आणि १९३० च्या दशकात कम्युनिस्ट पक्षाचे सक्रिय कार्यकर्ते होते. महामंदीचा तो काळ. कामाच्या शोधात कुटुंबाला वारंवार मुक्काम हलवावा लागला आणि अखेर ते लॉस एंजेलिसला स्थिरावले.

मुलगा प्रकृतीने नाजूक, पण बुद्धीने विलक्षण होता. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच कॅलटेक, येथे पदवीच्या वर्गांना लावलेली गणिताची पुस्तके त्याने शाळेत असतानाच मिळवली आणि स्वतःच वाचून काढली. शालेय शिक्षण त्याने दोन वर्षे आधीच पूर्ण केले. १९४४ मध्ये कॅलटेकमध्ये प्रवेश मिळाल्यावर गणिताची पहिली दोन वर्षे त्याला माफ झाली. मात्र शारीरिक शिक्षणाच्या तासांना दांडी मारल्याने याच विद्यार्थ्याला संस्थेतून काढण्यात आले. मध्यंतरी सैन्यातील सेवा झाली, पुन्हा प्रवेश मिळाला आणि १९४८ मध्ये पदवी हाती आली.

त्याच वर्षी कॅलटेकमध्ये मेंदू आणि वर्तन या विषयावर एक परिसंवाद झाला. तेथे थोर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांचे व्याख्यान मॅकार्थी यांनी ऐकले. विचार करणारे यंत्र बनवता येईल का, हा प्रश्न त्या दिवसापासून त्यांच्या मनात घर करून बसला. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठातून १९५१ मध्ये त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली. प्रबंध शुद्ध गणिताचा होता. ओढ मात्र यंत्राकडे होती.

डार्टमाउथचा उन्हाळा

१९५५ मध्ये मॅकार्थी डार्टमाउथ महाविद्यालयात अध्यापक म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी मार्विन मिन्स्की, नॅथॅनियल रॉचेस्टर आणि क्लॉड शॅनन यांच्यासह त्यांनी एका उन्हाळी अभ्यासवर्गाचा प्रस्ताव तयार केला. या प्रस्तावात कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्दप्रयोग करण्यात आला आणि १९५६ च्या उन्हाळ्यात झालेल्या त्या अभ्यासवर्गापासून या शाखेचे वय मोजले जाऊ लागले. त्या वेळी मॅकार्थी अवघे २८ वर्षांचे होते.

त्या उन्हाळ्यात सर्व प्रश्न सुटतील अशी जी आशा होती, ती अर्थातच फळाला आली नाही. पण अॅलन नेवेल आणि हर्बर्ट सायमन यांनी तेथे आणलेल्या कामामुळे मॅकार्थी यांना एक दिशा सापडली. त्या काळी संगणक म्हणजे आकडेमोड करणारे अवाढव्य यंत्र, अशीच सर्वसाधारण समजूत होती. माणूस विचार करतो तो मात्र केवळ आकड्यांत नाही. तो शब्दांत, नावांत आणि त्यांच्या परस्परसंबंधांत विचार करतो. तेव्हा यंत्राने आकड्यांऐवजी चिन्हे हाताळली पाहिजेत आणि चिन्हांच्या याद्या रचल्या पाहिजेत, असे मॅकार्थी यांच्या मनाने घेतले.

लिस्पचा जन्म

१९५८ मध्ये मॅकार्थी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजेच एमआयटीमध्ये होते. तेथे त्यांनी याद्या हाताळणारी एक संगणकीय भाषा घडवण्यास आरंभ केला. याद्यांवर प्रक्रिया करणारी म्हणून तिचे नाव लिस्प. बीजगणितातील पदावली यंत्राला देऊन तिचे कलन यंत्राकडूनच करवून घ्यावे, हे त्यांच्यासमोरील एक आरंभीचे उदाहरण होते. अशा कामात संख्या येण्यापूर्वीच क्ष आणि य ही चिन्हे येतात. येथला क्ष आणि तेथला क्ष एकच आहे हे यंत्राला कळले नाही, तर कलन पहिल्याच पायरीवर फसते.

१९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्यांनी ही भाषा मूठभर मूलभूत क्रियांवर उभी करून दाखवली. भाषेतील कोणत्याही विधानाचे मूल्य काढणारे एक सूत्र त्यांनी त्याच भाषेत लिहिले होते. मॅकार्थी यांच्या दृष्टीने ते केवळ सैद्धांतिक सूत्र होते. पण त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी ते वाचून थेट यंत्रासाठी लिहून काढले आणि आयबीएम ७०४ या संगणकावर चालवून दाखवले. कागदावरचे गणित प्रत्यक्ष धावू लागल्याचे पाहून मॅकार्थी यांनाच आश्चर्य वाटले. या भाषेसाठी त्यांनी अधिक सुटसुटीत अशी दुसरी लेखनपद्धतीही योजली होती. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना कंसांची मूळ पद्धतच सोयीची वाटली आणि ती योजना मागे पडली. वापरून झालेली स्मृतीतील जागा यंत्राने आपणहून गोळा करून पुन्हा वापरात आणावी, ही आज जवळपास सर्वत्र वापरली जाणारी कल्पनाही लिस्पच्या याच घडणीत जन्माला आली.

एक नाव, एक चिन्ह

लिस्पने चिन्हांच्या ओळखीचा प्रश्न कसा सोडवला, हे समजून घेण्यासारखे आहे. मजकूर वाचताना एखादे नाव आले, की यंत्र प्रथम आपली नोंदवही उघडते. ते नाव तेथे असेल तर पूर्वी तयार झालेले चिन्हच ते पुढे देते. नसेल तर नवे चिन्ह तयार करून त्याची नोंद करते. त्यामुळे एकच नाव हजार ठिकाणी आले तरी स्मृतीत त्याचे चिन्ह एकच राहते. दोन चिन्हे एक आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी अक्षरे जुळवत बसावे लागत नाही. दोन्हींचा स्मृतीतील पत्ता एकच आहे की नाही एवढे पाहिले की पुरते.

आरंभी अशी नोंदवही एकच होती. प्रोग्रॅम मोठे होऊ लागले, अनेक जणांचे काम एकत्र जोडले जाऊ लागले, तेव्हा अडचण उभी राहिली. समजा, एकाने बँकेचा प्रोग्रॅम लिहिला आणि दुसऱ्याने भूमी अभिलेखाचा. दोघांनीही खाते हे नाव वापरले. बँकेतले खाते पैशांचे, तर सातबाऱ्यावरचे खाते जमिनीचे. नोंदवही एकच असेल तर दोन्ही खाती एकमेकांत मिसळणार. यावर उपाय म्हणून एमआयटीतील लिस्प यंत्रांच्या काळात पॅकेजची पद्धत आली. प्रत्येक पॅकेज म्हणजे एक स्वतंत्र नोंदवही. बँकेच्या पॅकेजमधील खाते वेगळे आणि भूमी अभिलेखाच्या पॅकेजमधील खाते वेगळे. हे काम मॅकार्थी यांचे नव्हे, तर त्यांच्या नंतरच्या पिढीचे. पुढे १९८४ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या आणि १९९४ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय मानक ठरलेल्या कॉमन लिस्पने ही पद्धत स्वीकारली.

पत्ता सोबत नेता येत नाही

खरी कसोटी लागते ती पुढेच. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला वेगाने चालवता यावा म्हणून त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करावे लागते. हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. टिमथी हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी १९६२ मध्ये लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला आणि त्याच कंपायलरकडून त्याचे स्वतःचेही रूपांतर करवून घेतले. संगणकाच्या इतिहासात हा टप्पा महत्त्वाचा मानला जातो.

कंपायलर रूपांतरित मजकूर फाईलमध्ये साठवतो. ती फाईल उद्या, महिन्याने किंवा दुसऱ्याच यंत्रावर उघडली जाणार असते. चिन्हाचा स्मृतीतील पत्ता तेथे काहीच कामाचा नसतो, कारण नव्या यंत्रावर त्या पत्त्यावर भलतेच काही असू शकते. मग ओळख न्यायची कशी? लिस्पचा कंपायलर फाईलमध्ये पत्ता लिहीतच नाही. तो चिन्हाचे नाव लिहितो आणि त्याच्या पॅकेजचे नाव लिहितो. फाईल स्मृतीत आणताना यंत्र ती दोन्ही नावे वाचते, त्या पॅकेजची नोंदवही उघडते आणि तेथे असलेले चिन्ह उचलते. नसेल तर नवे तयार करते. अशा रीतीने वेगवेगळ्या दिवशी तयार झालेल्या दोन फाईली एकत्र आल्या, तरी दोन्हींतील खाते एकाच चिन्हापाशी पोहोचते. ओळख फाईलमधून वाहून नेली जात नाही. ती प्रत्येक वेळी नव्याने प्रस्थापित केली जाते.

यात धोकेही आहेत. सांगितलेले पॅकेजच नव्या यंत्रावर अस्तित्वात नसेल, तर काम तेथेच अडते. पॅकेज असेल, पण त्याची रचना मधल्या काळात बदललेली असेल, तर त्याच नावाखाली भलतेच चिन्ह हाती येऊ शकते आणि चूक कोठे झाली हे शोधता शोधता माणूस मेटाकुटीला येतो. म्हणून दोन्ही वेळच्या नोंदवह्या एकमेकींशी जुळत्या ठेवण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर टाकण्यात आली आहे.

काही चिन्हे तर कोणत्याच नोंदवहीत नसतात. दुसऱ्या कोणाच्या नावाशी गफलत होऊ नये म्हणून प्रोग्रॅम ती तात्पुरती तयार करतो. दवाखान्यात मिळणाऱ्या टोकनसारखी त्यांची स्थिती असते. त्या दिवशी, त्या दवाखान्यात टोकनाला अर्थ असतो. दुसऱ्या दवाखान्यातील तेवढ्याच क्रमांकाचे टोकन दुसऱ्याच रुग्णाचे असते. अशा चिन्हांची ओळख कंपायलर एका फाईलपुरती जपतो. त्याच फाईलमध्ये ते चिन्ह चार ठिकाणी असेल तर चारही ठिकाणी ते एकच राहते. मात्र दोन स्वतंत्र फाईलींत ते गेले, तर बाहेर येताना त्याची दोन वेगळी चिन्हे होतात. नोंद नसलेल्याला गावाबाहेर ओळख नाही, असाच हा न्याय आहे.

स्टॅनफर्डची टेकडी

मॅकार्थी यांचे मन एका कामात फार काळ रमत नसे. संगणक अतिशय महाग होते आणि आपल्या पाळीसाठी अभ्यासकांना ताटकळावे लागे. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, ही कालविभाजनाची कल्पना त्यांनी १९५९ मध्ये लेखी मांडली. वीज आणि दूरध्वनी जसे घराघरांत येतात, तशी संगणकाची सेवाही एक दिवस सार्वजनिक होईल, असे त्यांनी १९६१ मध्ये एमआयटीच्या शताब्दी समारंभात सांगितले होते. आज दूरच्या संगणकावर भाड्याने काम करणाऱ्या जगाला त्यात नवल वाटणार नाही. त्या काळी तो दूरचा विचार होता.

१९६२ मध्ये ते स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि पुढे २००० मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. विद्यापीठामागच्या टेकड्यांवर त्यांनी उभारलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रयोगशाळा जगभरातील हुशार तरुणांचे आकर्षण ठरली. १९६६-६७ मध्ये मॉस्कोतील संगणकाशी तारेद्वारे चाली कळवून बुद्धिबळाचा सामनाही रंगला. त्यात अमेरिकेची बाजू हरली. १९७१ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार, १९८८ मध्ये जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला.

सन्मान मिळत होते, तशी टीकाही होत होती. १९७३ मध्ये ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी आपल्या अहवालात या शाखेच्या प्रगतीवर कठोर ताशेरे ओढले. त्यानंतर दूरचित्रवाणीवर झालेल्या जाहीर वादसभेत मॅकार्थी या शाखेची बाजू मांडण्यासाठी उतरले. पण अहवालाने व्हायचा तो परिणाम झालाच आणि ब्रिटनमध्ये या संशोधनाच्या निधीला कात्री लागली.

चिन्हाच्या ओळखीचा प्रश्न त्यांनी या काळातही सोडला नव्हता. १९७९ मधील एका निबंधात त्यांनी दूरध्वनी क्रमांकाचे साधे उदाहरण घेतले. दोन व्यक्तींचा क्रमांक एकच आहे. तिसऱ्याला त्यांपैकी पहिल्या व्यक्तीचा क्रमांक ठाऊक आहे. म्हणून दुसऱ्या व्यक्तीचा क्रमांकही त्याला ठाऊक आहे, असे म्हणता येईल का? त्याने पहिल्याचा क्रमांक फिरवला तर घंटा दुसऱ्याकडेही वाजणार. तरीही दुसऱ्याचा क्रमांक आपल्याला ठाऊक आहे, हे त्याला माहीत नाही. वस्तू एकच असली तरी तिच्याविषयीच्या दोन कल्पना एक नसतात. हे अंतर यंत्राला समजावे म्हणून त्या कल्पनांनाच तर्कशास्त्रात स्वतंत्र वस्तूंचे स्थान द्यावे, असा मार्ग त्यांनी सुचवला. लिस्पमध्ये एका नावाला एक वस्तू मिळवून देणारा हा गणितज्ञ दोन दशकांनी एका वस्तूच्या दोन ओळखी वेगळ्या कशा ठेवाव्यात, याचा विचार करत होता.

अन्नपूर्णेचे दुःख

मॅकार्थी यांचे तीन विवाह झाले. दुसऱ्या पत्नी व्हेरा वॉटसन या स्वतः प्रोग्रॅमर आणि नामवंत गिर्यारोहक होत्या. दक्षिण अमेरिकेतील अकोंकाग्वा शिखर एकट्याने सर करणारी पहिली महिला म्हणून त्यांची ख्याती होती. १९७८ मध्ये नेपाळमधील अन्नपूर्णा शिखरावर गेलेल्या महिलांच्या मोहिमेत त्या सहभागी झाल्या. मोहिमेतील पहिल्या तुकडीने शिखर गाठले; दुसऱ्या प्रयत्नात व्हेरा आणि त्यांच्या सहकारी अॅलिसन चॅडविक यांना ऑक्टोबरमध्ये प्राण गमवावे लागले. पुढे मॅकार्थी यांनी संगणकशास्त्रज्ञ कॅरोलिन टॅल्कॉट यांच्याशी विवाह केला.

कम्युनिस्ट घरात वाढलेल्या मॅकार्थी यांचे राजकीय विचारही काळानुसार पार बदलले. रशियन भाषा ते शिकले, सोव्हिएत शास्त्रज्ञांशी त्यांनी संबंध ठेवले. पण त्या राजवटीविषयीचा त्यांचा भ्रम पुरता ओसरला. विचारस्वातंत्र्याच्या बाबतीत मात्र ते शेवटपर्यंत आग्रही राहिले. विद्यापीठाच्या संगणकांवरील विनोदांचा एक संग्रह १९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या प्रशासनाने आक्षेपार्ह ठरवून बंद केला, तेव्हा वाचनालयातून पुस्तक काढून टाकण्यासारखेच हे कृत्य आहे, अशी भूमिका घेऊन त्यांनी अध्यापकांना संघटित केले आणि प्रशासनाला निर्णय मागे घ्यावा लागला.

मागे राहिलेले

२४ ऑक्टोबर २०११ रोजी स्टॅनफर्ड येथील राहत्या घरी मॅकार्थी यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी ते ८४ वर्षांचे होते. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेची घरोघरी चर्चा आहे, ती त्यांनी कल्पिलेल्या मार्गाने आलेली नाही. स्पष्ट चिन्हे आणि तर्काचे नियम यांतून यंत्राला शहाणे करावे, हा त्यांचा आग्रह होता. आजची यंत्रे अफाट मजकुरातील शब्दांच्या संगतीवरून शिकतात. त्यांची भाषा ओघवती असते. पण एकाच नावाच्या दोन माणसांची माहिती ती एकत्र करून टाकतात, असा अनुभवही येतो. मॅकार्थी यांनी हाती घेतलेला प्रश्न त्यामुळे अद्याप जुना झालेला नाही.

महाराष्ट्रातील सातबारे आता संगणकावर आले आहेत. हस्तलिखित दप्तरातील नाव संगणकात उतरवताना एखादी वेलांटी चुकली किंवा वडिलांचे नाव गळले, तरी खातेदाराला दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात. जमीन तीच असते, कसणारा तोच असतो. नोंद मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. नुसते नाव एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात गेले म्हणजे माणूस गेला असे होत नाही. कोणत्या गावचा, कोणत्या खात्याचा, कोणत्या गटातला ही सारी ओळख सोबत जावी लागते आणि नव्या ठिकाणी ती पुन्हा जुळवून घ्यावी लागते. गडमुडशिंगीच्या शेतकऱ्याला हे अनुभवाने ठाऊक असते. यंत्राला ते शिकवण्याच्या खटपटीत मॅकार्थी यांनी आपली अर्ध्या शतकाहून अधिक वर्षे घालवली.